क्रियापद कुणाकडे पाहतं

मे महिन्यात आंब्याचा हंगाम उतरणीला लागतो, मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात, आणि रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमधून रात्री खळ्यात बसून उशिरापर्यंत बोलणी चालतात. विषय फिरून फिरून जमिनीवर येतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी एका ओळखीच्या घरी बसलो होतो. त्या घरानं सड्याकडचा आपला एक तुकडा त्या वर्षी विकला होता. थोरला भाऊ म्हणाला, "जमीन विकली." मधला म्हणाला, "विकून टाकली एकदाची." धाकटा बराच वेळ गप्प होता, तो म्हणाला, "विकून बसलो." आणि माजघराच्या उंबऱ्यावरून त्यांची आई म्हणाली, "विकावी लागली रे."

खरेदीखत एकच होतं, रक्कम एकच, सर्व्हे नंबर एकच. त्या दस्तात चौघांना मिळून एकच नाव होतं, 'लिहून देणार'. आणि पलीकडच्या पक्षाला 'लिहून घेणार'. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जो अर्थ नोंदला गेला, त्यात टाकणं नव्हतं, बसणं नव्हतं, लागणं नव्हतं. ते सगळं खळ्यात राहिलं होतं, तीन साध्या क्रियापदांत. 'टाकणे' जोडलं की हात मोकळे होतात, ओझं उतरतं. 'बसणे' जोडलं की केलेली गोष्ट परत घेता येत नाही आणि ते करणाऱ्याला उशिरा कळलेलं असतं. 'बोलून बसलो', 'हरवून बसलो' यांच्याच रांगेतलं ते वाक्य. आणि 'लागणे' म्हणजे कुणीतरी किंवा कशानं तरी भाग पाडलं, पण कुणी भाग पाडलं, हे वाक्य सांगत नाही. आईला ते सांगायचंही नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

नंतर त्या वाक्यांकडे नीट पाहिल्यावर मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि हे पुस्तक लिहायला खरं तर तिच्यामुळे सुरुवात झाली. 'मी जमीन विकली' या वाक्यात क्रियापद जमिनीकडे पाहतं. बैल असता तर 'विकला', शेत असतं तर 'विकलं'. विकणारा पुरुष असो, बाई असो, क्रियापदाला त्याचं काही नाही. 'विकून टाकली', 'विकावी लागली' यांतही तसंच. एकट्या धाकट्याच्या वाक्यात क्रियापदानं मान वळवली. 'बसलो' हे रूप जमिनीचं नाही, ते त्याचं स्वतःचं आहे. चार वाक्यांपैकी एकाच वाक्यात बोलणारा माणूस क्रियापदात येऊन उभा राहिला होता, आणि पश्चात्ताप नेमका त्याच वाक्यात होता. त्यानं व्याकरण कधी अभ्यासलं असेल असं मला वाटत नाही. मराठीनं त्याच्यासाठी ती जागा तयार ठेवली होती आणि तो सहज तिथे जाऊन बसला.

हे पुस्तक अशा जागांविषयी आहे. शब्द कोणता निवडला, वाक्यात तो कुठे ठेवला, क्रिया कुणाच्या नावावर टाकली, यावरून अर्थ कसा बदलतो, हे मराठीच्याच उदाहरणांतून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी व्याकरण शाळेत 'प्रयोग ओळखा' या एका गुणाच्या प्रश्नापुरतं केलं. कर्तरि, कर्मणि, भावे अशी नावं पाठ झाली, गुण मिळाले, आणि पुढे आयुष्यभर आपण ते तीनही प्रयोग भांडणात, माफी मागताना, अर्ज लिहिताना वापरत राहिलो. पण ते जे पाठ केलं ते हेच, असं कुणी आपल्याला दाखवलं नाही. मला ही मोठी हानी वाटते.

ज्या माणसानं हे दाखवायला आयुष्य वेचलं, तो आमच्याच जिल्ह्यातला. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, शेजारी त्यांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे येतात. त्याच दामले घराण्यातले, केशवसुतांचे धाकटे भाऊ, मोरो केशव दामले. त्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी ७५ वर्षं, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण लिहून पाया घातला होता. पण दामल्यांनी जो पसारा मांडला तो वेगळ्याच आकाराचा होता. आधीच्या प्रत्येक वैयाकरणाचं मत घ्यायचं, ते तपासायचं, पटलं नाही तर का नाही ते सांगायचं, अशी त्यांची रीत. पुढे १९७० मध्ये कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा तो पुन्हा अभ्यासकांच्या हाती आला. एका भावानं मराठी कवितेचं वळण बदललं आणि दुसऱ्यानं मराठी वाक्य उलगडून दाखवलं. मालगुंडला गेलं की ही दोन्ही कामं एकाच माजघरातून निघाली, हे मला फार जाणवतं. स्मारक पाहायला आलेल्या मुलांना कविता म्हणून दाखवली जाते, ती दाखवावीच. जोडीला त्या दुसऱ्या भावाचंही नाव त्यांच्या कानावर घालावं, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

प्रयोग नेमके किती आणि कोणते, यावर मराठी वैयाकरणांत मोठे वाद झाले. बाहेरून पाहणाऱ्याला ते शब्दच्छल वाटतात. मला तसे वाटत नाहीत, कारण त्या वादाच्या तळाशी एक रोजचा प्रश्न आहे: केलं कुणी? हातातून कप पडतो. 'मी कप फोडला', 'माझ्या हातून कप फुटला', 'कप फुटला'. पहिल्या वाक्यात मी उभा आहे. दुसऱ्यात माझा हात आहे, मी जरा मागे सरकलोय. तिसऱ्यात कुणीच नाही, कप आपला आपण फुटलाय. मूल चार वर्षांचं होईपर्यंत ही तीनही वाक्यं शिकतं आणि कोणतं कधी वापरायचं हेही शिकतं. 'मी चुकलो', 'माझी चूक झाली', 'माझ्या हातून चूक झाली', 'चूक झाली': या पायऱ्यांवरून माणूस किती खाली उतरला, यावरून समोरचा त्याची माफी मोजतो. आमच्याकडे भावकीतला जुना तंटा मिटवताना गावचे जाणते लोक 'चूक झाली' यावर समाधान मानत नाहीत. 'कुणाची ते बोल', असं म्हणतात. ते व्याकरणच सांगत असतात.

चिपळूणकरांना हे अधिक कळतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं. त्या शहरात 'पाणी भरलं' असं म्हणायची जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात अमुक ठिकाणी पाणी भरतं, म्हणजे ते भरायचंच, निसर्गक्रम आहे. त्या वेळी मात्र गाळ उपसत असताना लोक दोन वेगळी क्रियापदं घेऊन भांडत होते: पाणी आलं की पाणी सोडलं? 'आलं' म्हटलं तर पाऊस, भरती, नदीत साचलेला गाळ. 'सोडलं' म्हटलं की धरण आलं, दरवाजे आले आणि दरवाज्यामागे कुणीतरी माणूस आला. कोणतं क्रियापद खरं, हे ठरवायला पाण्याच्या पातळीच्या नोंदी लागतात, ते व्याकरणाचं काम नाही. पण नोंदी कशासाठी तपासायच्या, हा प्रश्न त्या क्रियापदानंच उभा केला. सगळं शहर 'पाणी भरलं' म्हणून गप्प बसलं असतं तर कुणी काही विचारलंच नसतं.

सरकारी मराठीविषयी मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, आणि ते सर्वांत मोठं झालं आहे. 'नागरिकांना कळविण्यात येते की', 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे', 'कारवाई करण्यात येईल', 'झाडे तोडण्यात आली'. हे 'ण्यात येणे' आता इतकं अंगवळणी पडलं आहे की गावातल्या मंडळाचा चिटणीसही हळदीकुंकवाच्या आमंत्रणात 'आयोजित करण्यात आले आहे' असं लिहितो, आणि आयोजन त्याच्याच आईनं आणि मावशीनं केलेलं असतं. जुन्या मराठी पत्रांत कुणी कुणाला लिहिलं हे पहिल्याच ओळीत मायन्यासकट सांगितलेलं असे. इंग्रजी राजवटीत कचेरीची भाषा इंग्रजीच्या साच्यात ओतली गेली आणि तो साचा राज्य गेल्यावरही राहिला. भाषा मराठी झाली, १९६२ साली पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. वाक्य मात्र कर्त्यावाचूनच राहिलं.

इथे मला न्यायानं बोललं पाहिजे. कर्ता न सांगणं हे नेहमी लपवणं नसतं. तहसील कचेरीतला कारकून पत्र लिहितो तेव्हा निर्णय त्याचा नसतो. 'मी तुमचा अर्ज फेटाळला' असं त्यानं लिहिणं खोटं ठरेल. व्यक्ती बाजूला ठेवून पद बोलतं, ही कल्पना राज्यकारभारात मोलाची आहे. पण पदालाही नाव असतं. 'उपविभागीय अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला' हे शुद्ध मराठी वाक्य आहे, लहान आहे, आणि अपील कुणाकडे करायचं ते त्यातून कळतं. माझा आग्रह एवढ्याच वाक्याचा आहे.

वाक्याइतकंच शब्दाचं. आमच्याकडे जांभ्या दगडाचं उंच पठार असतं, त्याला सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर फुलं येतात, गुरं चरतात, खाचांत पाणी साठतं, आणि तेच पाणी झिरपून खालच्या वाडीच्या विहिरीला येतं. शेतकऱ्याच्या तोंडी 'सडा' म्हणजे हे सगळं. तीच जागा सातबाऱ्यावर अनेकदा 'पोटखराबा' म्हणून लागते. तो महसुलाचा शब्द आहे: लागवडीला न येणारी जमीन, तिच्यावर पीक नाही, म्हणून आकार नाही. व्याख्या म्हणून त्यात खोट नाही. पण तो शब्द एकदा कागदावर चढला की वाचणाऱ्याला त्यातलं 'खराब' तेवढं ऐकू येतं. एखादा प्रकल्प यायचा असला की 'ती जमीन पडीकच आहे' हे वाक्य कुणीतरी सहज बोलून जातं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो, त्यानं सातबारा वाचलेला असतो. याच सड्यांवर कशेळीचा भलामोठा हत्ती आहे, उक्षीला, देवाचे गोठणेला, बारसूला कातळात कोरलेल्या आकृती आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या या कातळशिल्पांना युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. 'कातळशिल्प' हा शब्द रुळला तेव्हा त्या रेघांकडे पाहायची नजर बदलली. दगड तोच, रेघा त्याच, हजारो वर्षं तिथेच होत्या.

असाच एक शब्द चिपळूण तालुक्यातला: अवजल. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेकडे येतं, पोफळीला वीज करतं, कोळकेवाडीला पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीत उतरतं. वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी पाणी. वीजघरातून बाहेर पडलेल्या या पाण्याला कागदोपत्री अवजल म्हणतात. 'अव' या उपसर्गाचा मूळ अर्थ खाली, अवतरण, अवरोह. त्या अर्थानं शब्द अगदी बरोबर आहे, हे खाली उतरलेलं पाणी आहे. पण मराठी कानाला 'अव' आता अवगुण, अवकळा, अवलक्षण यांतून ऐकू येतो. मग अवजल म्हणजे उरलेलं, कामाचं संपलेलं पाणी, असा भास होतो, आणि त्यापुढचं वाक्य आपोआप येतं: 'हे पाणी समुद्रात वाया जातं.' ते पाणी स्वच्छ गोडं पाणी आहे. चिपळूणची तहान आणि लोट्याचे कारखाने त्या नदीवर आहेत, आणि खाली दाभोळच्या खाडीत किती गोडं पाणी येतं यावर खाडीतलं जीवन ठरतं. ते मुंबईला न्यावं की इथल्याच शेतीला द्यावं, याची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. त्या चर्चेत बसणाऱ्या प्रत्येकानं आधी हा शब्द बाजूला ठेवून नुसतं 'पाणी' म्हणून पाहावं, असं मला वाटतं.

'प्रकल्पग्रस्त' या शब्दाविषयी मात्र मी उलट बाजूनं बोलेन. रोगग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या घरात तो शब्द जन्मला. कोयनेनं तर धरणग्रस्तही पाहिले आणि ११ डिसेंबर १९६७ चे भूकंपग्रस्तही. सरकारच्या स्वतःच्या कायद्यानं, प्रकल्पग्रस्त व्यक्तींच्या पुनर्वसनाच्या अधिनियमानं, प्रकल्पाला रोग आणि पुराच्या शेजारी नेऊन बसवलं आहे. हल्ली कागदांवर 'प्रकल्पबाधित' हा सौम्य शब्द अधिक दिसतो. मला 'ग्रस्त' हवा आहे. ग्रहणात चंद्र ग्रासला जातो, त्या धातूचा तो शब्द आहे, आणि ज्याचं घर पाण्याखाली गेलं त्याच्यासाठी त्याहून हलका शब्द पुरा पडत नाही.

शब्दाच्या अर्थावरून माणूस तुरुंगात जाऊ शकतो, आणि गेला, ही गोष्ट रत्नागिरीनं विसरू नये. २३ जुलै १८५६ ला टिळकांचा जन्म रत्नागिरीत झाला. आज ज्या वस्तीला टिळक आळी म्हणतात तिथलं ते घर सगळ्यांना ठाऊक आहे. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि त्यांनी व्याकरणावर पुस्तक लिहिलेलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. शब्दाचं वजन करायची सवय त्या मुलाला घरातच लागली असणार, असं मी मानतो.

१८९७ चा खटला एका उपसर्गावर फिरला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तल्या मजकुरावरून सप्टेंबरमध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला उभा राहिला. कलम १२४ अ मधला गुन्हा म्हणजे सरकारविषयी 'डिसअफेक्शन' उत्पन्न करणं. त्या शब्दाचा अर्थ काय? स्ट्रेचींनी ज्यूरीला सांगितलं की त्याचा साधा अर्थ प्रीतीचा अभाव. आपल्याकडच्या वैयाकरणांनी नकाराच्या 'अ'चे सहा अर्थ शतकांपूर्वी वेगळे काढून ठेवले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अज्ञान' म्हणजे ज्ञानाचा अभाव. 'अधर्म' म्हणजे नुसता धर्माचा अभाव नाही, धर्माच्या विरुद्ध उभं राहिलेलं काही. 'अवेळ' म्हणजे वेळच नाही असं नव्हे, वाईट वेळ. 'डिस'ला विरोधाचा अर्थ दिला असता तर वैर सिद्ध करावं लागलं असतं. अभावाचा दिला, म्हणजे सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक जण त्या कलमाच्या टप्प्यात आला. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली. सरकारलाही तो शब्द सैल सोडणं सोयीचं वाटलं नाही. १८९८ मध्ये कायद्यात स्पष्टीकरण घालून राजनिष्ठेचा अभाव आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना त्यात येतात असं लिहून टाकलं. मराठीत आपण याला पहिल्यापासून 'राजद्रोह' म्हणतो. हा शब्द मुळापेक्षा कितीतरी कडक आहे. 'द्रोह'मध्ये विश्वासघात आहे, केलेली कृती आहे. इंग्रजी कलमात केवळ एक भावना होती. अनुवादात गुन्हा मोठा झाला आणि त्याबरोबर तो सोसणाऱ्याची उंचीही वाढली.

१९०८ चा खटला उपसर्गावरून वाक्यावर गेला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवर १३ जुलैला सुनावणी सुरू झाली. न्यायाधीश दिनशा दावर. ११ वर्षांपूर्वी याच दावरांनी टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. मराठी लेखांचा निवाडा करायला बसलेल्यांच्या हाती इंग्रजी भाषांतरं होती. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि २१ तास १० मिनिटं बोलले. त्या भाषणाचा मोठा भाग कायद्याइतकाच भाषेविषयी आहे. सरकारी भाषांतरकाराला त्यांनी उलटतपासणीत शब्दाशब्दावर अडवलं. राज्यशास्त्राच्या नव्या कल्पनांना मराठीत अजून शब्द घडत आहेत. अशा घडत्या शब्दाला इंग्रजीतला तयार, कडक शब्द लावला की लेखाचा सूर बदलतो, हे त्यांनी सांगितलं. लेख वादाच्या ओघात लिहिलेला आहे, समोरच्याच्या आरोपाला दिलेलं उत्तर आहे, तो वाद बाजूला काढून एकेक वाक्य वेगळं वाचता येणार नाही, हेही सांगितलं. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला: सहा वर्षं हद्दपारी, हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण झाली.

त्यांना मंडालेला नेलं. मंडालेचा राजा थिबा त्या वेळी रत्नागिरीत कैदेत होता, १८८६ पासून. १९१० साली रत्नागिरीत थिबासाठी बांधलेली इमारत पुरी झाली. आपण तिला राजवाडा म्हणतो, आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत त्या राजवाड्यातल्या राजाला तिथून जायची मुभा नव्हती. त्याच १९१० च्या नोव्हेंबरात रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहायला बसला.

'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात टिळक थांबतात कुठे, तर ग्रंथाचं तात्पर्य कसं ठरवायचं या प्रश्नाशी. मीमांसकांनी त्यासाठी सहा खुणा सांगितल्या आहेत, त्या ते घेतात: ग्रंथाची सुरुवात आणि शेवट काय आहे, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, नवं काय सांगितलं आहे, त्याचं फळ काय, स्तुती-निंदेच्या भरात आलेलं काय, आणि युक्तिवाद कशासाठी मांडला आहे. एखादा श्लोक उचलून त्यावर मत बांधू नका, सगळा ग्रंथ पाहा. वाचताना मला प्रत्येक वेळी मुंबईच्या न्यायालयातला तो माणूस दिसतो. ज्याच्या लेखांतली वाक्यं सुटी करून, परक्या भाषेत घालून त्याच्यापुढे ठेवली होती, तो आता संपूर्ण ग्रंथ कसा वाचावा याचे नियम लिहीत होता. एका गोष्टीनं दुसरी घडवली असं टिळकांनी कुठे म्हटलेलं नाही. मी हे शेजारी ठेवतो, कारण या दोन खोल्या मला एकाच घरातल्या वाटतात.

टिळकांनंतर शब्दांवर हट्टानं काम करणारा आणखी एक माणूस या गावात राहिला, तोही स्वतःच्या इच्छेनं नाही. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचं बरंचसं लेखन या काळातलं. दिनांक, महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा, दूरध्वनी असे किती तरी शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घालण्याच्या त्यांच्या आग्रहाशी मी सहमत नाही. जो शब्द कुळवाड्याच्या तोंडी तीनशे वर्षं आहे तो मराठीच आहे, अशी माझी समजूत आहे. पण त्यांनी दिलेले शब्द टिकले, हे मोठं यश आहे, आणि ते कसे टिकले हे पाहण्यासारखं आहे. 'दिनांक' आला, म्हणून 'तारीख' गेली नाही. दोघांनी काम वाटून घेतलं. अर्जावर दिनांक असतो, कोर्टात तारीख पडते. लग्नाची तारीख धरतात, लग्नाचा दिनांक कुणी धरत नाही. एका अर्थाचे दोन शब्द फार दिवस एका घरात राहत नाहीत. राहिले तर एक ओटीवर बसतो आणि दुसरा चुलीपाशी जातो. पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणात अशा जोड्या जमवल्या आहेत. वाचकांकडे आणखी पुष्कळ असतील.

उदाहरणं मी शक्यतो ऐकलेलीच घेतली आहेत, छापलेली कमी. वाडीतली, एसटीतली, बाजारातली, तलाठ्याच्या सजातली. ज्यांची वाक्यं आहेत त्यांची नावं दिलेली नाहीत. बोलीतली रूपं तशीच ठेवली आहेत, कारण ती सरळ केली की ज्याच्यासाठी ते वाक्य घेतलं तेच निघून जातं.

याचा एक अनुभव मुद्रितं तपासताना आला. दुसऱ्या प्रकरणात एका म्हाताऱ्या आजींचं वाक्य आहे. देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीच्या पायथ्याशी त्या बसल्या होत्या, आणि वर येता का म्हणून मी विचारल्यावर म्हणाल्या, "मला आता पाखाडी चढवत नाही." मुद्रितात ते वाक्य दुरुस्त होऊन आलं होतं: "मी आता पाखाडी चढू शकत नाही." दुरुस्ती करणाऱ्यानं चांगल्या हेतूनं केली होती, अर्थ तोच आहे असं त्याला वाटलं. पण 'चढू शकत नाही' यात त्या आजींची ताकद मोजली आहे आणि ती कमी भरली आहे. 'चढवत नाही' यात त्यांनी हार मानलेली नाही. मन वर देवळात आहे, पाय ऐकत नाहीत, आणि त्या दोघांमधलं अंतर त्या एका 'व'मध्ये आहे. मी समासात काट मारून मूळ वाक्य पुन्हा लिहिलं. ते पुढे छापलेलं आहे.